गादीवाल्याची गादी

गादीवाल्याच्याच मणक्यातली गादी गेली, हा विनोद एव्हाना सगळ्या रस्त्याने करून झाला होता. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने केला, कापूस आणणाऱ्या ट्रकवाल्याने केला, आणि मणक्याचा फोटो उजेडापुढे धरून डॉक्टरांनीसुद्धा केला. बाबा प्रत्येक वेळी हसले. हसलं की कमरेतून डाव्या पायात कळ जायची, तरी हसले, कारण विनोद चांगला होता आणि चांगल्या मालाची बाबांना कदर होती. जन्मभर लोकांच्या पाठीची काळजी वाहिलेला हा माणूस गेले कित्येक महिने आतल्या खोलीत उघड्या फरशीवर, पाय खुर्चीवर टाकून पडून होता. स्वतःच्या कारखान्यातल्या गादीवर जरा वेळ पडला की त्याला उठवायला दोन माणसं लागायची.

त्या सुट्टीच्या दुपारी मात्र बाबांनी दाढी केली होती.

शेंडेफळ जेवायला आली ती नेहमीप्रमाणे उशिरा. घरातली सगळ्यात धाकटी म्हणून तिला हे नाव पडलं आणि डोक्यात पांढरे केस आले तरी सुटलं नाही. तिच्या उशिरावर नेहमीप्रमाणे कुणी काही बोललं नाही, फक्त वहिनीने तिचं झाकलेलं ताट जरा जोरात उघडलं. खालचा कारखाना बंद होता. तरी कापसाची धूळ जिन्यावरून वर आलेली होतीच. या घरात सुट्टीच्या दिवशीही माणसं शिंकत.

आत डोकावून ती टेबलाशी बसली. "बाबांनी दाढी केली? कुठे जायचंय का?"

दादाने आत्याकडे पाहिलं. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. खालच्या दुकानात गिऱ्हाइकांशी बोलण्यात तिची हयात गेली होती आणि तिच्या पोटात काही म्हणून राहत नसे. दादाने तिला डोळ्यांनी गप्प बसायला सांगणं म्हणजे तिला बोल म्हणून सांगण्यासारखंच होतं.

"गुरुवारची तयारी," आत्या म्हणाली. "गुरुवारी बाबांची गादी भरणार आहेत. सुईने. त्या नव्या पेशी घालून. तुझ्याच त्या पुलापलीकडच्या मोठ्या इमारतीत."

शेंडेफळाचा घास हातातच राहिला. "आमच्या चाचणीत? बाबा?"

"तुला सांगणारच होतो," दादा म्हणाला. "झाल्यावर."

"दादा, तिथे माणूस घेताना विचारतात, घरातलं कुणी इथे काम करतं का म्हणून."

"विचारलं ना."

"मग?"

"बाबा नाही म्हणाले."

"आणि तू काय करत होतास?"

"मी बाजूला उभा होतो. मला कुठे कोण विचारत होतं?"

आतल्या खोलीचं दार उघडंच होतं. फरशीवरून बाबांचा आवाज आला, "त्यात काय चुकलं? तू बर्फाच्या कारखान्यात आहेस."

टेबलाभोवती कुणी हसलं नाही. गंमत म्हणजे हा घरातला सगळ्यात जुना विनोद होता. तिला नोकरी लागली तेव्हा तिने सांगितलं होतं, की तिथे मोठमोठ्या टाक्या असतात, त्यात पेशी गोठवून ठेवतात आणि झाकण उघडलं की धूर येतो. आत्याने त्याच दिवशी तिची बर्फवाली करून टाकली. दादा गिऱ्हाइकांना सांगू लागला, आमची धाकटी बर्फाच्या कारखान्यात असते. विनोद सुरू झाला तेव्हा बाबा खाली खोळ शिवत बसले होते. त्यांच्यापर्यंत तो पोचला तेव्हा त्यातलं हसू गळून गेलेलं होतं आणि नुसती माहिती उरली होती. त्यांनी ती खरी मानली. त्यांची चूक कुणी सुधारली नाही. शेंडेफळानेही नाही, कारण समजावून सांगायचा तिला कंटाळा यायचा, आणि खरं सांगायचं तर बाबांनी कधी विचारलंही नाही याचा तिला राग होता.

म्हणजे बाबा खोटं बोलले नव्हते. दादाही खोटं बोलला नव्हता असं म्हणता आलं असतं, पण असं फक्त दादाच म्हणाला असता.

"मी तिथे नक्की काय करते माहितीय तुम्हाला?" तिने ताट बाजूला सारलं. "निम्म्या लोकांना पेशी देतात. निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय मिळालं हे त्या माणसाला कळू देत नाहीत, सुई टोचणाऱ्या डॉक्टरांनाही नाही. नाहीतर नुसत्या आशेनेच माणसाला बरं वाटतं, आणि औषधाने वाटलं की आशेने, ते ठरवता येत नाही."

"मग कळतं तरी कुणाला?" वहिनीने विचारलं.

"मला. मीच सिरिंज भरते आणि वरून कागद गुंडाळून देते."

दादाचा चेहरा उजळला. तो इतका उघड उजळला की आत्यानेसुद्धा मान खाली घातली.

"मग प्रश्नच मिटला," तो म्हणाला.

"कसला प्रश्न मिटला?"

"तू बघून घेशील की. पाणी काय, दुसऱ्या कुणालाही चालेल."

"दादा, शनिवार आठवतात का तुला? सगळ्या गाद्या ओळीने मांडायचो, आणि बाबा डोळ्यांवर टॉवेल टाकून एकेकीवर झोपायचे. कुणी भरली, कुणी शिवली हे कळू नये म्हणून. तुझी गादी दोनदा उसवायला लावली होती."

"ते वेगळं. त्या गाद्या होत्या."

"ही पण गादीच आहे," आत्या म्हणाली आणि स्वतःच हसली. कुणी साथ दिली नाही तेव्हा तिने पाण्याचा पेला तोंडाला लावला. मग तिला तोडगा सुचला. "तू गुरुवारी आजारी पड. तुझ्याऐवजी दुसरं कुणी भरेल."

"आत्या, पुढे दोन वर्षं ते बाबांना तपासायला बोलावणार. कुणाला काय दिलं त्याची सगळी माहिती माझ्याकडे असते. मी दर सुट्टीला इथे जेवायला येणार, बाबा विचारणार नाहीत, आणि तरी माझ्या तोंडाकडे बघणार. बाबा तिथे असले तर मी तिथे असता कामा नये. मी असले तर बाबा नाहीत. आणि मला हे उद्याच्या उद्या सांगावं लागेल."

"सांगितलंस तर काय होईल?"

"माझं काम येणारं दुसरं माणूस अजून तयार नाही. बाबांना काढतील."

वहिनी भांडी उचलू लागली. तिला उगाचच काहीतरी करत राहावंसं वाटत होतं. गेल्या महिन्यात कारखान्यात फोमच्या लाद्या आल्या होत्या. त्या तिने आणवल्या होत्या, भांडून, दादाच्या मागे लागून, आणि बाबांना जिना उतरता येत नव्हता म्हणूनच त्या आल्या होत्या. बाबा उभे राहिले तर पहिल्या दिवशी खाली येतील, फोमवर अंगठा दाबतील आणि म्हणतील, हा पाव आहे, हा बेकरीत पाठवा. सगळ्या कामगारांसमोर म्हणतील. ती वाईट बाई नव्हती. रोज सकाळी बाबांच्या बधिर पायाला तेल तीच चोळायची, आणि त्यांना बरं वाटलं की तिला खरंच बरं वाटायचं. पण तो विचार मनात आला तो आलाच, आणि आल्यावर जाईना.

"तिचं बरोबर आहे," वहिनी म्हणाली. "नियम आहे तर आहे. आपण कशाला त्या पोरीला अडकवायचं?"

दादाने चमकून वर पाहिलं. "तुला नियमांची काळजी कधीपासून?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुला बाबांच्या गादीची काळजी आहे की माझ्या?"

गादी हा शब्द या घरात एरवी कापसापुरताच होता. या अर्थाने तो आजवर कुणी मोठ्याने उच्चारला नव्हता. वहिनीच्या हातातला चमचा ताटात पडला.

"तुझी गादी मीच सांभाळतेय," ती हळू आवाजात म्हणाली. "तू नुसता तिच्यावर बसलायस."

दादाला हे लागलं, कारण ते खरं होतं, आणि तिला वाटत होतं त्याहून जास्त खरं होतं. बाबा झोपून होते तेव्हापासून शनिवारी गाद्यांवर दादा झोपायचा. डोळ्यांवर तोच टॉवेल घ्यायचा. आणि त्याला काही म्हणजे काही कळायचं नाही. सगळ्या सारख्याच लागायच्या. तो मान हलवून पसंत म्हणायचा आणि घाम पुसत उठायचा. मध्यंतरी गिऱ्हाइकांनी गाद्या परत पाठवल्या, मध्ये खड्डा पडतो म्हणून, आणि फोम आणायला तो तयार झाला तो नव्याच्या हौसेने नाही, तर फोममध्ये ओळखण्यासारखं काही नसतं म्हणून. हे त्याने बायकोला सांगितलेलं नव्हतं. बाबा उठावेत असं त्याला इतकं वाटत होतं की त्यात माया किती आणि भीती किती हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

"मला बाबा खाली हवेत," तो एवढंच म्हणाला.

तेवढ्यात आई आतून बाहेर आली. बाबांना भरवून झालं होतं. तिने वाटी टेबलावर ठेवली, हात पदराला पुसले आणि मुलीच्या मागे येऊन उभी राहिली. ती सगळं ऐकत होती. या घरात फरशीवरच्या माणसाला सगळं ऐकू येतं, तर त्याच्या उशाशी बसलेल्या बाईला येणारच.

"तू सोड," आई म्हणाली.

"काय?"

"ते काम. उद्या सोडून दे. मग घरातलं कुणी तिथे नाही, आणि हे नाही म्हणाले ते खरं होईल."

"आई, तुला कळतंय का तू काय म्हणतेस ते?"

"कळतंय. तुला दुसरं काम मिळेल. यांना दुसरी पाठ मिळणार नाही."

आईला कळत होतं. मुलीच्या चेहऱ्याकडे बघायला नको म्हणून ती तिच्या मागे उभी होती. तिने मुलीला कधी काही मागितलं नव्हतं. मागायची वेळ आली आणि सगळंच एकदम मागावं लागलं, याची तिला लाज वाटत होती. पण पलंगावर एकटीने पडून, खाली फरशीवर नवरा कूस बदलताना दात आवळतो तो आवाज ऐकायचं तिला आता होत नव्हतं. आपल्या दोन माणसांपैकी एकाचं काहीतरी जाणार हे ठरलेलंच होतं, आणि तिने निवड केली होती.

"आणि ते मिठाचं पाणीच असलं तर?" शेंडेफळ म्हणाली. "मी सोडायचं, आणि बाबांच्या पाठीत पाणी?"

"असलं तर असलं. आशा तरी असेल. तूच म्हणालीस ना, आशेने बरं वाटतं म्हणून."

"वहिनी, तू सांग हिला काहीतरी," शेंडेफळ म्हणाली. वहिनीची बाजू कुठल्या कारणाने आपल्याकडे आली हे तिला समजलेलं होतं. तरी या क्षणी तिला तिचाच आधार होता. पण वहिनी आता दादाकडे बघत होती. तो नाक पुसत होता, आणि लग्नानंतर तिने त्याला असं करताना पाहिलं नव्हतं.

"मी काय सांगू?" वहिनी म्हणाली. "तुमचं तुम्ही ठरवा." आणि तिनेही काखा वर केल्या.

राहता राहिली आत्या. ती तर केव्हाचीच खिडकीतून बाहेर बघत होती.

शेंडेफळ उठली. खुर्ची मागे पडली ती तिने उचलली नाही. तावातावाने ती आतल्या खोलीत शिरली. बाबा छताकडे बघत पडले होते. नुकतीच दाढी केल्यामुळे गाल कोवळे दिसत होते आणि हनुवटीखाली एक केसांचा पट्टा तसाच राहिला होता, झोपूनच केली असणार. कोपऱ्यात त्यांचे चामडी बूट पुसून ठेवलेले होते. ते बूट घालून ते जिना उतरू शकत नव्हते, गुरुवारीही त्यांना खुर्चीतच न्यावं लागलं असतं, आणि तरी त्यांनी कुणाकडून तरी ते पुसून घेतले होते.

ते पाहिलं आणि तिचा सगळा ताव गेला. ती त्यांच्याशेजारी फरशीवर बसली.

"बाबा, मी सोडते."

"काय सोडतेस?"

"काम."

"बर्फाचं?"

"बर्फाचं नाही हो, बाबा." तिला रडूही येत होतं आणि हसूही. "तिथे बर्फ नसतो."

"मग काय असतं? मला नीट सांग. घाई करू नको, मला कुठे जायचंय?"

मग तिने सांगितलं. कुणी अनोळखी माणूस हाडातला थोडा मगज देतो. त्यातल्या हव्या तेवढ्या पेशी वेगळ्या काढायच्या आणि चपट्या बाटलीत गुलाबी पाण्यात ठेवायच्या. त्या तळाला चिकटतात आणि वाढतात. फार दाटी झाली की बिथरतात, म्हणून त्याआधी उचलून दुसऱ्या बाटल्यांत वाटायच्या. पुरेशा झाल्या की गोठवायच्या, आणि लागतील त्या दिवशी पुन्हा हळूच जाग्या करायच्या. ही पहिली खेप सगळी तिच्या हातची होती.

"दाटी झाली हे कसं कळतं?"

"बघून. यंत्र सांगतं, पण त्याआधी मला कळतं. त्यांचा आकार बदलतो."

"दुसऱ्या कुणाला नाही कळत?"

"उशिरा कळतं."

बाबांनी तिच्याकडे मान वळवली. तेवढ्यानेही त्यांना कळ आली, पण त्यांनी वळवली. "आणि त्यांना खायला कोण घालतं? सुट्टीच्या दिवशी?"

"मीच जाते. सकाळी. तिथूनच इकडे येते."

 बाहेर टेबलाशी सगळे ऐकत होते आणि ऐकत नसल्यासारखे बसले होते.

"मला ते फार हवंय," बाबा म्हणाले. "तुला खोटं कशाला सांगू? झोपेतसुद्धा मी जिना उतरतो. तू सोडते म्हणालीस ना, तेव्हा मला आनंद झाला. पहिला आनंदच झाला."

"म्हणून तर सोडते."

"फोन दे माझा. तिथल्या सिस्टरने नंबर दिलाय, काही झालं तर कधीही करा म्हणाली होती."

"कशाला? बाबा, उद्या मी बघते काय ते."

"दे म्हणतो ना."

तिने दिला. त्यांनी तो छातीवर ठेवला, स्पीकर चालू केला आणि बोटाने नंबर लावला. पलीकडे घंटा वाजू लागली तशी दादा दारात आला. "बाबा, काय करताय? आधी जरा विचार करू." बाबांनी त्याला हातानेच थांबवलं. शनिवारी टॉवेल काढून नापसंत म्हणताना ते असाच हात करायचे, आणि दादा तसाच थांबला.

सिस्टरने फोन उचलला. बाबांनी स्वतःची ओळख सांगितली. पाठ कशी आहे, ताप वगैरे नाही ना, असं तिने विचारलं.

"ताप नाही," बाबा म्हणाले. "एक चूक झालीय. घरातलं कुणी तिथे आहे का असं तुम्ही विचारलं होतं. मी नाही म्हणालो. माझी मुलगी आहे."

"तुम्हाला तेव्हा माहीत नव्हतं?"

"नव्हतं. माझी मुलगी काय करते हे मला माहीत नव्हतं."

दारात आईने तोंडाला पदर लावला.

"काय काम करतात त्या?" सिस्टरने विचारलं.

"पेशी वाढवते. तुमच्या सुईत घालायच्या असतात त्या. तिला नुसतं बघून कळतं म्हणे."

 मग सिस्टर म्हणाली की सांगितलंत हे फार बरं केलंत, पण मग गुरुवारी येऊ नका, तुमचं नाव आता काढावंच लागेल, आणि तिला मनापासून वाईट वाटतं. बाबा म्हणाले, वाटू द्या, मलाही वाटतंय. आणि फोन ठेवला.

दादा दारातून मागे फिरला. जिन्यावरून त्याची पावलं खाली कारखान्यात जाताना ऐकू आली. वहिनी त्याच्यामागे गेली. आईला काहीतरी बोलायचं होतं, पण कुणाशी बोलायचं ते तिला ठरवता येईना, आणि ती तशीच दाराला टेकून उभी राहिली.

"का केलंत?" शेंडेफळाला संताप आला होता. उपकार वाटायला हवे होते आणि वाटत होता तो संताप. "मी देत होते ना? माझ्या खुशीने देत होते."

"तुला येतं ते," बाबा म्हणाले. "ज्याला येतं त्याने सोडायचं नाही." मग त्यांनी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं, आणि झोपलेल्या माणसाला ते पुसताही येत नाही नीट, म्हणून तिने पुसलं. "आता जरा जा. मला थोडं वाईट वाटू दे."

ती जिना उतरून रस्त्यावर आली. तिला घरी जायचं नव्हतं, परत वरही जायचं नव्हतं. ती पुलाच्या दिशेने चालू लागली, थांबली, पुन्हा चालू लागली. गुरुवारी बाबांच्या जागी दुसरं कुणी येणार होतं. त्याचीही वाट बघणारी माणसं असतील, त्यानेही झोपल्या झोपल्या दाढी केली असेल. त्याच्यासाठी सिरिंज तीच भरणार होती, हात न थरथरता, एकही पेशी वाया न घालवता. एवढं तिला येत होतं. पण त्या माणसाला बरं वाटावं असं आपल्याला मनापासून वाटेल का, हे काही केल्या तिला सांगता येईना.